वनाचा ठावठिकाणा

केव्हिननं दिलेल्या लोखंडी पत्र्यावर भिकुबाईनं भाकरी टाकली, तेव्हा तंबूंमधली सगळी मंडळी ताटल्या घेऊन रांगेत उभी होती. दोन नर्स, एक जर्मन जोडपं आणि बसचा ड्रायव्हर केव्हिन. देवपूरहून आणलेलं पीठ संपत आलं होतं, पण म्हातारीचा हात आखडत नव्हता.

"खा रे बापहो. भूक कोठेबी भूकच शे," ती म्हणाली. चुडामणनं तिच्या अहिराणीचं इंग्रजी केलं.

चुडामण तिचा भाचा, ऑस्ट्रेलियात ॲडलेडला इंजिनीयर. भिकुबाईच्या मुलाला, वनाला, इथल्या खाणीवर कामाला त्यानंच लावलं होतं. सुरुवातीला पत्रं आली. मग खाण बंद पडली आणि वना गडप झाला. आता त्र्याण्णव साल होतं. सात वर्षांत ना पत्र, ना निरोप. गेल्या महिन्यात कुणीतरी चुडामणला सांगितलं, उत्तरेकडच्या वाळवंटी रस्त्यावर एका पेट्रोल पंपावर आपल्याकडचा माणूस काम करायचा. त्या रस्त्यानं मुक्काम करत, तंबू ठोकत जाणाऱ्या सहलीच्या बसमध्ये त्यानं तीन जागा घेतल्या. तिसरी जागा प्रमिलाची. ती वनाची बायको.

प्रमिला देवपूरला बालवाडीत शिकवायची आणि सासूजवळच राहायची. शाळेतल्या अभिमन मास्तरांनी तिला रीतसर मागणी घातली होती. त्यांच्या जातीत विधवेचा पाट लागायचा, दुसऱ्या लग्नात कमीपणा नव्हता. पण नवरा आहे की नाही हेच ठाऊक नसलेल्या बाईचं काय करायचं, हे कोणत्याच पंचाला सांगता येत नव्हतं. मागणी आली त्या दिवशी भिकुबाई उंबऱ्यात उभी राहिली होती.

"मना वना जित्ता शे, मास्तर," एवढंच म्हणाली आणि तिनं दार लावून घेतलं.

म्हातारी सुनेच्या जन्माचं वाटोळं करणार, असं सगळी गल्ली म्हणू लागली. गल्लीच्या तोंडाला कोण हात लावणार? प्रमिला मात्र सासूला एका शब्दानं बोलली नाही. मास्तर तिला आवडत होते. ते कुणाला सांगायची चोरी होती, एवढंच.

दुपारी बस त्या पंपावर थांबली. चारी बाजूंना लाल माती, मध्ये एक लांबट शेड आणि मागे पाण्याची टाकी. वना हवा आहे की नुसतं उत्तर हवं आहे, हे प्रमिलाचं तिलाच कळत नव्हतं. हातांना काहीतरी काम हवं म्हणून तिनं कॅन उचलला आणि ती शेडमागे पाणी भरायला गेली. भिकुबाई अजून आखडलेले गुडघे चोळत बसमधून उतरत होती.

प्रमिला परत आली ती अर्धाच कॅन घेऊन. बसच्या पायरीवर बसून राहिली.

"पाणी नही का तठे?"

"आहे. पुरेल एवढं आणलं, आत्याबाई."

"मंग तू आठेच ऱ्हाय. मी नि चुडामण इचारी येतस."

"बरं."

म्हातारीला जरा नवल वाटलं. इतकी वर्षं जिनं वाट बघितली, तीच दारात यायला तयार नव्हती. धीर होत नसेल पोरीला, असं मनाशी म्हणत ती भाच्याबरोबर आत गेली.

बराच वेळ गेला. केव्हिन डिझेल भरून, काचा पुसून मोकळा झाला. मग चुडामण बाहेर आला, तो कुणाकडे न बघता थेट बसच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मागून भिकुबाई आली. दोन पावलं टाकून थांबत होती.

"वना नही ऱ्हायना, पोरी," ती म्हणाली. "चार वरीस व्हयनात. ताप उना, नि गया."

प्रमिलानं तिच्याकडे बघितलं. कुठे पुरलं, शेवटी जवळ कोण होतं, काही काही विचारलं नाही.

भिकुबाईनं पदराच्या टोकानं तिचं कुंकू पुसलं. दोनदा पुसावं लागलं. मंगळसूत्र प्रमिलानं आपणच काढलं. मग म्हातारीनं तो अर्धा कॅन सुनेच्या डोक्यावर ओतला, उरलेलं पाणी स्वतःच्या. दूरदेशीच्या मरणाची बातमी कळली की करायची ती आंघोळ. केव्हिननं हॅट काढून छातीशी धरली. नर्स टॉवेल घेऊन धावत आल्या.

"आते तू मोकळी शे," भिकुबाई म्हणाली. "घर गयात का मास्तरले हा सांग. तुना पाट मी सोता लाई दिसू."

"आणि तुम्ही, आत्याबाई? तुमचा तर मुलगा..."

"मनं काय? मी माय शे. मायले बठ्ठं सोसनं पडस."

एवढं बोलली आणि म्हातारीचा बांध फुटला. सात वर्षांत ती कुणासमोर रडली नव्हती. आता अंगणात लोळून रडावं तशी रडली. तिला धरून बसमध्ये चढवावं लागलं.

बस निघाली. प्रमिलानं सासूचं ओलं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि लहान मुलाला थोपटावं तसं ती थोपटत राहिली. म्हातारीनं एकदा मान उचलून तिच्याकडे बघितलं. सुनेचा विश्वास बसला का, ते चाचपत होती.

"माझा दैवाला काही बोल नाही, आत्याबाई," प्रमिला म्हणाली. "तुम्ही सांगितलंत, मी ऐकलं. आता झोपा."

शेडमागे वना तिला पाठमोरा दिसला होता. तो दोरीवर लहान मुलांचे कपडे वाळत घालत होता आणि कडेवरच्या पोरीशी अहिराणीत बोलत होता.