पेशंटची खुर्ची

फार्मसीच्या नव्या अभ्यासक्रमात पेशंटशी बोलायचीही परीक्षा आली, पण माळावरच्या त्या कॉलेजात पेशंट आणायचा कुठून? शेवटी झाडलोट करणाऱ्या बायनाबाईलाच खुर्चीत बसवलं. "मावशी, तीन दिवसांपासून ताप आहे, एवढंच म्हणायचं," सुकन्या मॅडमनी बजावलं.

समोर पांढऱ्या कोटातला विद्यार्थी, परमेश्वर, बसला. बाहेरगावाहून आलेले परीक्षक बघत होते. "घाबरू नका मावशी," तो मायेनं म्हणाला, "काय त्रास होतोय? सगळं सांगा."

असं आजवर बायनाबाईला कुणी विचारलंच नव्हतं, ना घरात, ना दवाखान्यात.

"लेकरा, ऊस तोडून तोडून कंबर गेली. नेकनूरच्या बाजारातून अंगदुखीची गोळी आणते, रोज उपाशीपोटी खाते. आता महिना झाला, परसाकडला डांबरासारखं काळं होतंय. उठलं की डोळ्यापुढं अंधारी येती. कशानं होत असंल रे?"

परमेश्वर गडबडला. त्यानं पाठ केलेलं सगळं तापाचं होतं. "मावशी, ताप म्हणा ना, ताप."

"ताप न्हाई बाबा मला."

परीक्षकांनी घड्याळ पाहिलं. "मॅडम, उगाच पोराचे मार्क जातील. पेशंट बदला."

शिपाई तात्याबाला आत बोलावलं. बायनाबाई भिंतीला धरत धरत बाहेर आली आणि तिनं झाडू उचलला. आतून परमेश्वरचा आवाज आला, मघासारखाच मायेचा.

"घाबरू नका काका. सगळं सांगा."