पाण्याचे अर्थ

ग्लास तिने टेबलावरून उचलला आणि खिडकीत नेऊन ठेवला. वडिलांचा हात तिथवर पोचणार नव्हता. पुढे केलेला हात त्यांनी हळूच चादरीवर घेतला, जणू काही उचलायचंच नव्हतं.

"नुसते ओठ ओले करतो," ते म्हणाले.

"नाही, बाबा."

पहाटेपासून हेच चाललं होतं. पलंगाच्या पायथ्याशी पाटी लटकत होती: तोंडावाटे काहीही देऊ नये. भुलीत पोटातलं वर येऊन छातीत गेलं तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन बजावलं होतं. ऑपरेशनला कधी नेतील याचा नेम नव्हता. सलाईन चालू होतं, त्यामुळे शरीराला काही कमी पडत नव्हतं. कोरड पडली होती ती तोंडाला. त्यांची जीभ ओठांवरून फिरली की ती नजर दुसरीकडे वळवायची. ती पर्स मांडीवर घेऊन बसली होती. वडिलांकडे ती नेहमी अशीच बसायची, निघता निघता टेकल्यासारखी.

वडिलांचा सगळा जन्म शब्दकोशाच्या कचेरीत गेला होता. वॉर्डातही दोन दिवसांत ते कोशकाका झाले होते. ती लहान असताना ते जेवताना रोज एक शब्द सोलायला घ्यायचे, आणि ती शेवटचा घास गिळून हात धुवायला पळायची. मोठी झाल्यावर दोघांचं फोनवर बोलणं व्हायचं ते गोळ्यांचं आणि गळक्या नळाचं.

त्यांची नजर पुन्हा खिडकीकडे गेली. त्यांचं मन कशात तरी गुंतवायला हवं होतं आणि तिला दुसरं काही सुचेना.

"पाणी हा शब्द आला कुठून, बाबा?"

त्यांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. तिने आजवर कधी शब्द विचारला नव्हता.

"पानीय," ते म्हणाले. "पिण्याजोगं ते. आणि नेमकं तेच मला बंद."

ती हसली, आणि त्यांना तेवढं पुरलं. मुळात पिण्याजोगं म्हणून पाणी, पण पुढे समुद्राचं खारटसुद्धा पाणीच झालं. लोकांनी शब्दाला विचारलं नाही, असं ते सांगू लागले. मग मोत्याचं पाणी आलं, जे ओलं नसतं. मग सुरीचं आलं. तापलेलं पातं पाण्यात बुडवलं की टणक होतं, म्हणून पाणी दिलेली सुरी. तसंच माणसाचंही पाणी. ते जोखता येतं आणि चारचौघांत उतरवताही येतं, त्याचाच पाणउतारा.

बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. दोघांनी दाराकडे पाहिलं. चाकं दारावरून पुढे गेली.

अजून किती वेळ आहे ते विचारून ये, असं त्यांनी सांगितलं. ती काउंटरवर गेली. तिथल्या माणसाने मान वर न करता, बोलावतील तेव्हा कळेलच, असं सांगून तिची बोळवण केली.

ती परत आली तेव्हा ग्लास रिकामा होता.

तिने तो उचलून पाहिला. "प्यायलात?"

"सिस्टरने बेसिनमध्ये ओतलं. डोळ्यांसमोर नको म्हटलं."

तिने वाकून त्यांचे ओठ पाहिले. त्यांच्यावर पापुद्रे धरले होते. कोपऱ्यात एक बारीक चीर पडली होती. ती पुन्हा स्टुलावर बसली.

"रक्ताचं पाणी राहिलंय," ते म्हणाले. "ऐक."

दुपारभर ते बोलत राहिले. रक्ताचं झालं, डोळ्यांतलं झालं, तोंडचं पळालेलं झालं. दाणापाणी आणि चहापाणी झालं. आवाज घोगरा होत गेला, जीभ टाळूला चिकटू लागली. जरा पडून राहा म्हणून ती विनवू लागली की ते बोट वर करून तिलाच थांबवत. कचेरीतल्या एका माणसाने आपल्याला इतकी वर्षं पाण्यात पाहिलं की आपली सर्दी कधी हटलीच नाही, असं त्यांनी सांगितलं, तेव्हा ती मोठ्याने हसली. शेजारच्या पलंगावरचे आजोबाही हसले. पर्स मांडीवरून केव्हा खाली गेली, तिच्या ध्यानात आलं नाही.

दिवे लागल्यावर त्यांनी सिस्टरला हाक मारली. सिस्टरने पाटी काढली आणि ऑपरेशन उद्यावर गेल्याचं सांगितलं. सिस्टरनेच चमच्याने पाणी पाजलं. ते डोळे मिटून प्याले.

दुसऱ्या दिवशी त्यांना नेलं. भुलीतून ते जागे झाले नाहीत.

सगळं आटोपल्यावर ती त्यांचा चष्मा आणि चपला घ्यायला वॉर्डात आली. सिस्टरने पिशवी हातात दिली, तेव्हा इतके दिवस मनात ठेवलेलं तिच्या तोंडून निघून गेलं. शेवटच्या दिवशी ते दिवसभर पाणी मागत होते आणि आपण दिलं नाही.

सिस्टर थोडी घुटमळली.

"ताई, ऑपरेशन पुढे ढकललंय हे मी काकांना सकाळीच सांगितलं होतं. तुम्ही काउंटरवर होतात तेव्हा. ग्लाससुद्धा हातात दिला होता. म्हणाले, ओतून टाका, आणि पाटी राहू द्या संध्याकाळपर्यंत. पोरगी आज विचारतेय. मी पाणी प्यालो की उठून जाईल."

पलीकडून कुणी तरी बेल वाजवली आणि सिस्टर गेली. पलंगावर धुतलेली चादर घातलेली होती. नवा पेशंट अजून आला नव्हता. ती पिशवी घेऊन स्टुलावर बसली. शेजारच्या आजोबांनी तिच्याकडे पाहिलं आणि कूस बदलली.

"तुम्ही पोटभर पाणी प्यायलं असतं, बाबा," ती म्हणाली, "तरी मी उठले नसते."