मॅक्सिनकडे जाणारी बादली

सलग तिसऱ्या सकाळी ऑर्व्हिल दाढी करून शेजारच्या मॅक्सिन टटलच्या फाटकातून आत शिरला. हातात बादली होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून व्हर्ना पाहत होती. एक्केचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या नवऱ्याने घरची बादली कधी हलवली नव्हती.

मॅक्सिनचा नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती. बाईच्या हाताला चव होती, आणि ऑर्व्हिलची जीभ व्हर्नाला पुरती ठाऊक होती.

"कुठे गेला होतास?" तिने काल विचारलं होतं.

"पाय मोकळे करायला."

"बादली घेऊन?"

त्याने बाही खाली ओढली. हातावर ताजे ओरखडे होते. व्हर्नाने रात्रभर त्यांचे नको ते अर्थ लावले.

आज सोक्षमोक्ष लावायचा, आणि खरं निघालं तर डोव्हरला बहिणीकडे कायमचं निघून जायचं, असं तिने ठरवलं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती प्रथमच मागच्या कुंपणापर्यंत चालत गेली. तिथे तिने हौसेने लावलेली हॉलीची झुडपं होती. नाताळात त्यांच्या लालभडक फळांची तोरणं ती चर्चच्या दाराला बांधायची आणि गावभर मिरवायची.

मॅक्सिनकडून परतलेला ऑर्व्हिल झुडपांमध्ये बादली ठेवत होता. बादलीत पाणी, पाण्यात फुलांनी लगडलेल्या काटेरी फांद्या. तिला पाहून तो चोरासारखा उभा राहिला.

"खरं सांग. तुझं तिच्याशी काय चाललंय?"

"फांद्या आणतोय गं. तुझी ही झुडपं सगळी मादी, तिचं हॉली नर आहे. त्याची फुलं इथे ठेवली की मधमाश्या पुढचं बघतात, म्हणाली. नाहीतर तुझ्या झुडपांना यंदा फळच धरणार नाही."

"आपला नर आहे की कोपऱ्यात."

ऑर्व्हिलने मान खाली घातली. कोपऱ्यात नुसता बुंधा उरला होता.

"तू दवाखान्यात होतीस, तेव्हा मी छाटणी केली. त्याला वीस वर्षांत एक फळ नाही. नराला फळ येतच नाही, हे मला कुठे ठाऊक? म्हटलं, हे निकामी आहे. मुळाशी कापलं. तुला सांगायची छाती झाली नाही."

व्हर्नाने बुंध्यावरून नजर त्या बादलीकडे वळवली.

"म्हणजे नवरा गेला तो माझ्या झुडपांचा," ती म्हणाली, आणि ऑर्व्हिलच्या खांद्याला टेकून रडू लागली.