बॅटरीची तक्रार

आईच्या आजारपणात विजेचं बिल डोईजड व्हायला लागलं, तेव्हा लेकीने माहेरी एक मोठी बॅटरी बसवून दिली. वीज स्वस्त असेल तेव्हा ती भरून ठेवायची आणि दर चढले की तिच्यावर घर चालवायचं. बिल खरंच उतरलं. दुखणं मात्र वाढतच गेलं आणि आई गेली.

आता घरात बाबा एकटेच. तरी लेकीच्या मोबाइलवर दिसायचं, की बॅटरी रोज पूर्वीसारखीच रिकामी होतेय.

"बाबा, एवढी वीज जाते तरी कुठे?"

"अगं, मला काय कळतंय त्यातलं," म्हणत बाबांनी विषय टाळला.

शेवटी तिने बॅटरी बसवणाऱ्या माणसालाच घरी धाडलं. त्याने बॅटरी तपासली, वायरी तपासल्या. सगळं ठणठणीत होतं. मग आतल्या खोलीतून त्याला घरघर ऐकू आली. नीट आवरलेल्या रिकाम्या पलंगाशेजारी आईचं ऑक्सिजनचं मशीन चालू होतं आणि बाबा तिथेच खुर्ची ओढून बसले होते.

"बंद नको करूस," ते हळूच म्हणाले. "याचा आवाज थांबला की घर खायला उठतं रे. दुपारचा डोळासुद्धा लागत नाही."

तेवढ्यात लेकीचा फोन आला. "काय झालंय हो बॅटरीला?"

त्याने एकदा खुर्चीतल्या बाबांकडे पाहिलं.



"बॅटरी चांगली आहे, ताई. घरात अजून दोघंजण राहतात, तेवढी वीज लागणारच."