पहिली फेरी

डावीकडच्या नटावर ताजं ग्रीस होतं. शंभूराजने बोट फिरवलं, वास घेतला. त्याने लावलं नव्हतं. त्याच्या चार माणसांनी लावणं शक्यच नव्हतं. त्यांना आऱ्यांवर चढून अंगाच्या वजनाने चाक खाली ओढायचं, एवढंच कळायचं.

"फुकट कोण कुणाला ग्रीस लावतं?" तो म्हणाला.

"ग्रीसच आहे ना? विष नाही," त्याची बायको राजलक्ष्मी म्हणाली. "सायकलचं पायडल चार दिवस लटपटतंय, ते दिसत नाही. नटांचे वास घेत बसलेत."

लाकडी पाळणा शंभूराजच्या वडिलांनी, हणमंतरावांनी, बांधलेला. सहा पेट्या, मधोमध लोखंडी आस, आसाच्या दोन्ही टोकांना मुठीएवढा नट. वीज नाही, इंजिन नाही. बंगळूरच्या जत्रांतून असले पाळणे एकेक करत सरपणात गेले. चौऱ्याण्णवच्या बनशंकरीच्या जत्रेत हा एकच उरला होता. त्याच्या शेजारी विजेचा पाळणा उभा होता, हजार दिव्यांचा, दिवसभर भोंगा लावून बोंबलणारा. त्याच्या मालकाला शंभूराजची जागा हवी होती. जत्रेच्या कमिटीने बजावलं होतं, यंदा एक अपघात झाला तर पुढच्या वर्षी लाकडी पाळणा बंद. कमिटीचं बरं असतं. विजेच्या पाळण्यातून माणूस पडला तर त्याचं नशीब, लाकडीतून पडला तर गुन्हा.

त्याच संध्याकाळी चुरमुरीच्या गाडीजवळ नागोजी दिसला.

तीस वर्षं नागोजी या पाळण्याचा मिस्त्री होता. पाना कुणाच्या हातात द्यायचा नाही. विचारलं तर सांगायचा नाही. हणमंतराव गेल्यावर शंभूराजने त्याला पहिल्याच महिन्यात काढला. मालकाला चारचौघांत 'अरे' म्हणणारा नोकर त्याला नको होता. त्याला दोन वर्षं झाली. आता म्हातारा चुरमुरी खात उभा होता आणि बघत होता ते माणसांकडे नाही, पेट्यांकडे नाही. डावीकडच्या नटाकडे.

दुसऱ्या दिवशी नटाच्या कडेवर पान्याचा ओरखडा होता. चकचकीत, नवा.

"विजेवाल्याने विकत घेतला म्हाताऱ्याला," शंभूराज म्हणाला.

"नागोजीअण्णांना? त्यांनी तुम्हाला खांद्यावर बसवून जत्रा दाखवली."

"खांद्यावर बसवलेल्यालाच पाडायला सोपं जातं."

तिसऱ्या दुपारी, जत्रा जेवायला गेली तेव्हा, शंभूराज खालच्या पेटीत आडवा झाला. फळ्यांच्या फटीतून दिसत होतं. नागोजी आला. चारी बाजूंना बघितलं. पिशवीतून हातभर लांब पाना काढला, डाव्या नटाला लावला आणि सगळं अंग टाकून ओढला. डावीकडे.

उजवीकडे आवळतं, डावीकडे सुटतं. हे शेंबड्या पोरालाही कळतं. शंभूराजने उडी मारून त्याचं मनगट धरलं.

"किती वेळा केलंस हे?"

"दर जत्रेला येतो," नागोजी म्हणाला. आवाज शांत होता.

"आणि तोंड वर करून सांगतोस?"

शंभूराजने त्याच्या कानाखाली वाजवली. म्हातारा गुडघ्यावर आला. ओठातून रक्त आलं. ते त्याने धोतराच्या सोग्याने पुसलं.

"त्या नटाला हात लावू नकोस, शंभू. तुझ्या हाताचं काम नाही ते."

"धमकी देतोस?"

नागोजीने पडलेल्या पान्याकडे हात नेला, तेवढ्यात कमिटीची माणसं धावत आली आणि त्याला पोलीस चौकीकडे ओढत घेऊन गेली.

शंभूराजने त्याचाच पाना उचलला. नटाला लावला आणि उजवीकडे ओढला. नट एकदा करकरला आणि मग सरसर दोन फेरे फिरला. किती सैल करून ठेवला होता हरामखोराने! तिसऱ्या फेऱ्याला आट्यात, नटाच्या आतल्या पिळात, गंज आला आणि पाना अडला. आता हलत नव्हता. शंभूराजने वर एक लाथ मारून बघितली. पक्का.

संध्याकाळची पहिली फेरी घरच्या लेकराची, हा हणमंतरावांचा नियम. आधी घंटा वाजवायची, आपलं मूल बसवायचं, ते वर जाऊन खाली आलं की मग लोकांना हाक मारायची. पूर्वी शंभूराज बसायचा. आता त्याची चंदना बसते. आठ वर्षांची, वर गेली की देवळाच्या कळसाला टाटा करते.

"आज नको बसवायला तिला," राजलक्ष्मी म्हणाली.

"आजच बसवायचं. मी माझ्या हाताने आवळलाय. मी चौकीत सही करून येतो. मला उशीर झाला तर साडेपाचला तू घंटा दे."

चौकीत नागोजी आतल्या खोलीत होता. शंभूराज बघायलाही गेला नाही. हवालदार कागद पुढे सरकवत "सरी, सरी", बरं बरं, म्हणत राहिला. शंभूराजने सही ठोकली आणि सायकल काढली.

मैदानाच्या कोपऱ्यावर डावं पायडल फारच डगडगू लागलं. तिथेच बाशाभाईचं सायकलचं दुकान होतं. शंभूराजने न विचारता त्याचा पाना उचलला, पायडलला लावला आणि उजवीकडे दोन पिळे दिले.

पायडल त्याच्या हातात आलं.

बाशाभाई खो खो हसला. "स्वल्प थांब, अण्णा. डावं आहे ते. डाव्या बाजूला आटा उलटा असतो, फिरून फिरून सुटू नये म्हणून. डावीकडे पिळ, घट्ट बसेल."

शंभूराज पायडलकडे बघत राहिला.

"असा काय बघतोस? पाळणेवाल्याचा पोरगा ना तू? तुमच्या पाळण्याचा डावा नट असाच आहे. नागोजीअण्णाने माझ्यासमोर लेथवर पाडून घेतलाय तो आटा."

मैदानावर घंटा वाजली.