खालचा बोल्ट

खालचा बोल्ट काही केल्या हलेना.

वरचा निघाला होता, पट्टा उतरला होता, वायरी सुटल्या होत्या. पण अल्टरनेटरला खालून धरून बसलेला तो लांब बोल्ट गंजून पार मुरला होता. श्रुतिका जीपच्या बॉनेटखाली कमरेपर्यंत शिरली होती, आणि तिचे सासरे परबकाका पार्किंगमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून, ऑपरेशन झालेला गुडघा चोळत, एकेक देव आठवत होते.

"हातोडा मार गो एक," ते म्हणाले. "दणक्याशिवाय नाय ऐकायचा तो."

"आणि मोडला तर, बाबा?"

मोडला तर संपलंच की! उद्या चतुर्थी. चार भावांत फिरणारा गणपती यंदा त्यांच्या गावच्या घरी, पूजेला बसायचा मान त्यांचा. रेल्वे, एसटी सगळं कधीच फुल्ल. आणि पोचलं तरी घराच्या अलीकडे व्हाळ आडवा. ह्या दिवसांत त्याच्या पाण्यातून पलीकडे जाते ती फक्त ही फोर-व्हील जीप. ह्या गुडघ्याने तो ओलांडणं देवाच्यानेही होणार नाही. जीप नाही तर पाटासमोर धाकटा भाऊ बसणार आणि काका नाहूरच्या तिसऱ्या मजल्यावरून व्हिडिओ कॉलवर हात जोडणार.

गॅरेजवाले म्हणाल, तर भांडुप-कांजूरचे निम्मे गॅरेजवाले मालवणी. चतुर्थीच्या आदल्या दिवशी ते गावाला जाणार नाहीत तर काय दुसऱ्यांच्या गाड्या उघडत बसणार? तिचा नवरा राजेश सकाळपासून फोन फिरवून थकला.

"धाकूशेठ चिपळूणला पोचलाय," तो येऊन म्हणाला. "बोलतो, गौरी गेल्या की आणा." मग बायकोच्या पाठीकडे बघत, आवाज उतरवून, "श्रुती, यार, तुला येतं ना हे?"

"येत नाही," आतून उत्तर आलं. "बघून करतेय."

आणि खरंच बघून करत होती. मोबाईलवर व्हिडिओ थांबवायचा, हात घालायचा, परत बघायचं. दुरुस्त करून ठेवलेला दुसरा अल्टरनेटर तिने कांजूरमार्गच्या एकुलत्या एक उघड्या दुकानातून रिक्षात मांडीवर घेऊन आणला होता. जमिनीवर सासूबाईंचं, जानकीकाकूंचं, इडलीपात्र मांडलेलं. जो नट निघेल तो पुढच्या खळग्यात. काकू चहा घेऊन आल्या आणि ते बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"माझ्या इडल्यांची वाट लावलीस गो बाय! एवढं काय आहे त्या डब्यात?"

"बॅटरीचा चार्जर समजा, आई. गाडी चालते तेव्हा हा बॅटरी भरतो. हा मेला की बॅटरी संपणार आणि आपण सगळे घाटात बसणार."

तिने बोल्टच्या मुळाशी परत तेल सोडलं, हात पुसले आणि सरळ चहा घेऊन बसली.

काकांचा जीव वरखाली. अगं, ही काय चहाची वेळ! राजेशने पाना उचलला. तिने मान हलवली, त्याने मुकाट ठेवला. "तेल आत उतरू दे," एवढंच म्हणाली. तेव्हा कुठे काकांच्या डोक्यात उजेड पडला. हातोडा काय, कुणीही हाणतो. नवरा, सासू, सासरा डोक्यावर उभे असताना हात आवरून बसायला मात्र वाघिणीचं काळीज लागतं. चाळीस वर्षं ज्याला ते धमक म्हणत आले, तो नुसता उतावळेपणा होता म्हणायचा!

कप ठेवून ती परत वाकली. पान्याला पाईप अडकवला. बोल्ट आधी केसभर आवळला, मग उलटा ओढला.

कर्रर्र.

"झकास!" राजेश ओरडला. काका दुखरा गुडघा विसरून उभेच राहिले.

पुढचंही काही लोण्यासारखं गेलं नाही. आणलेला डबा जागेवर बसेना. तिने तो काढला, फिरवला, पुन्हा बसवला. बोटांची सालं निघाली. पट्टा चढवून अंगठ्याने दाबून पाहिला आणि परत सोडला.

"चालेल गो तेवढा!" काका कळवळून म्हणाले.

"इथे चालेल, बाबा. घाटात चालायला पाहिजे."

पुन्हा आवळला. शेजारच्या गाडीवरून वायर लावून राजेशने चावी फिरवली. जीप खोकली, धरली. तिने वायर काढायला लावली, दिवे, वायपर, पंखा सगळं एकदम चालू करायला लावलं आणि बॅटरीला मीटर टेकवला. डॅशबोर्डवरचा लाल दिवा गेला होता.

"चौदा व्होल्ट दाखवतोय. भरतेय बॅटरी," श्रुतिका म्हणाली, आणि मगच हसली.

सामान चढलं. आता देवाला गाऱ्हाणं. ते घातल्याशिवाय परबांची गाडी गेटाबाहेर पडत नाही. काका नारळ घेऊन बॉनेटसमोर उभे राहिले. बिल्डिंगमधली जमलेली माणसं चपला काढून मागे.

"बा देवा म्हाराजा! आज ही तुझी लेकरा तुझ्या सेवेक निघाली हत, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

"तेंका सुखरूप घराक पोचय, म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

ह्यापुढे नेहमीचं वाक्य असतं, वाटेत काय अडचण आली तर धावून ये म्हणून. काकांच्या वडिलांनी तेच म्हटलं, आजोबांनी तेच. काका थांबले. त्यांनी सुनेकडे पाहिलं. ती हाताचं काळं साडीच्या जुन्या तुकड्याला पुसत होती.

"आणि वाटेत गाडीक काय झाला," त्यांचा आवाज चढला, "तर तू धावान येव नको, म्हाराजा! तू आपलो निवांत ऱ्हव. माझी सून आसा!"

क्षणभर कुणाला कळेना, ह्याला काय म्हणायचं. मग सगळ्यांच्या आधी, सगळ्यांत मोठ्याने जानकीकाकू ओरडल्या, "होय म्हाराजा!"