आत्याचा मान

पेढ्यांचा पुडा न सोडताच शेवंताच्या मांडीवर पडून होता. तो आणणारी तिची नणंद गुणा मात्र नाक्यावर बसमधून उतरल्यापासून बोलणं थांबवायचं नाव घेत नव्हती. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत ती कॉम्प्युटरवर प्रथिनं ताडून बघायची. हे नेमकं काय काम, ते शहाऐंशी साली कोगनोळीत कुणालाच ठाऊक नव्हतं. भावाला, नागोजीला, फक्त अभिमान होता. आज गुणा कुणालाही समजेल अशा भाषेत सांगत होती.

“वैनी, रक्तात एक प्रथिन असतंय. मण्यांची माळ समजा. आपल्या बाळाच्या माळेत एक मणी येगळा निघाला. जगातल्या आजवर वाचलेल्या समद्या माळा आमच्याकडं कॉम्प्युटरच्या टेपवर आल्यात. कॉम्प्युटरनं त्यातली एकेक आपल्या माळेशेजारी लावून बघितली. असली माळ कुठंच न्हाय!”

शेजारचा भरमूआप्पा ओसरीवरून पुढं सरकला. “म्हंजे आपल्या एकट्याचीच?”

“व्हय आप्पा. आन् असं नवं सापडलं की ज्या गावचं असंल त्या गावाचं नाव द्यायची रीत हाय. मी कोगनोळी दिलंय. आता अमेरिकेतल्या कॉम्प्युटरमदी बी कोगनोळी!”

“आरं तिच्या मारी!” आप्पानं मांडीवर थाप मारली. “आजवर नाक्यावर ट्रक थांबायचे, तेवढंच गावाचं नाव. लई झ्याक केलंस गं पोरी.” बोलता बोलता त्याचा हात पुड्याकडं गेला.

नागोजी हसला नाही. “त्यो मणी आला कुठनं?”

“तसली एक माळ तुझ्याकडनं, एक वैनीकडनं. दोन्ही एका जागी आल्या, म्हणून झालं. दोष कुणाचाच न्हाय, अण्णा.” हे शेवंताला ऐकवण्यासाठी तर ती मुद्दाम आली होती. गावानं शेवंताला पोरं खाणारी ठरवलं होतं. ते ओझं आज उतरेल, असं गुणाला वाटत होतं. शेवंतानं मान वर केली नाही.

शेवंताची पहिली दोन बाळं बारशानंतर काही महिन्यांतच पांढरीफटक पडून गेली होती. तिसरं झालं तेव्हा तिनं बारसंच करू दिलं नाही. नाव ठेवलं की मरणाला हाक मारायला सोपं जातं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. शिकल्यासवरलेल्या गुणानंही तिला हसण्यावारी नेलं नाही. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा, आणि आत्या ती एकटीच. “नाव माझ्या मनात हाय, वैनी,” ती तेव्हा म्हणाली होती. “पाच वर्सांचा झाला की त्याच्या कानात सांगीन. तवर तुमास्नी बी न्हाय.” तेव्हापासून पोर नुसतंच ‘बाळ’ राहिलं. शेवंतानं त्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं.

तरीही तेही पांढरं पडू लागलं, चार पावलांत धापा टाकू लागलं. तेव्हा गुणा त्याचं रक्त बर्फात घालून पुण्याला घेऊन गेली. “मी शोधून काढतो, वैनी,” असा शब्द देऊन गेली. माळेतले मणी एकेक करून वाचायचे होते, मग टेपची वाट बघायची होती, मग कॉम्प्युटरवर पाळी लागायची होती. तेवढ्यात बाळ गेलं. गुणा मातीलाही पोचली नाही. त्यानंतर तिनं स्वतःला कामात गाडून घेतलं, आणि शोध लागला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच. पण दिलेला शब्द खरा झाला म्हणून तिनं पेढे घेतले होते.

शेवंतानं पुडा उचलून बाजूला ठेवला. भरमूआप्पानं हात मागं घेतला.

“वन्सं,” ती म्हणाली, “ज्यानं माझं बाळ न्हेलं, त्याचं बारसं केलासा. पेढं बी आणलासा. माझ्या बाळाचं तेवढं ऱ्हायलं.”

वहिनीच्या आवाजात राग नव्हता. असता तर गुणाला बरं वाटलं असतं. नागोजी तोंड फिरवून आढ्याकडं बघत राहिला. पाळण्याची कडी अजून तिथंच होती.

शेवंता सरकत गुणाजवळ आली. “तुमी एक नाव मनात ठिवलं हुतासा न्हवं? सांगा की आता. आता भ्या कशाचं? मनातल्या मनात हाक माराय तर हुईल मला.”

आणि तिनं डोक्यावरचा पदर मागं सारून आपलाच कान पुढं केला.

गुणानं तिच्या कानाशी तोंड नेलं. रीतीप्रमाणं हलकेच ‘कुर्र’ केलं आणि थांबली. बाळाच्या माळेतले सगळे मणी तिनं झोपेतसुद्धा ओळीनं म्हणून दाखवले असते. संस्थेत त्याच्या रक्ताला एक नंबर होता. इतके दिवस ती त्याच नंबरानं त्याला ओळखत आली होती. पण नाव होतं. बारीक पोराला शोभेल असं होतं. बाळ झालं तेव्हा गावाकडं येताना बसमध्ये सुचलं होतं, आणि मरणाच्या कानावर जाऊ नये म्हणून तिनं ते कुणालाही सांगितलं नव्हतं.

शेवंता डोळे मिटून, कान देऊन बसली होती. गुणाला ते नाव आठवेना.